जेऊरची दोन मिनिटं

विजयदुर्ग किल्ल्यात काही दगडी चौथरे आहेत. गावात त्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. १८ ऑगस्टला तिथे ‘हेलियम दिन’ साजरा होतो, मुलांना ग्रहणांविषयी चार गोष्टी सांगितल्या जातात, आणि वर्तमानपत्रांत ठरलेली बातमी येते: १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच कट्ट्यांवर दुर्बीण मांडून हेलियम शोधला.

गोष्ट झकास आहे. अडचण एवढीच की साहेब त्या दिवशी इंग्लंडात होता. तेव्हा तो ‘सर’ही नव्हता, लंडनच्या युद्धखात्यात कारकुनी करून उरल्या वेळात आकाश न्याहाळणारा बत्तीस वर्षांचा गृहस्थ होता. विजयदुर्गला तो आला हे मात्र खरं. पण तीस वर्षांनी, जानेवारी १८९८ मध्ये, दुसऱ्याच ग्रहणासाठी. लोकांच्या आठवणीत दोन ग्रहणं एकमेकांत मिसळली आणि जास्त प्रसिद्ध होतं ते साल कट्ट्यांना चिकटलं. याचं मला फारसं वाईट वाटलं नसतं. पण या घोटाळ्यात १८९८ ची गोष्ट झाकली गेली, आणि माझ्या मते तीच महाराष्ट्राची खरी गोष्ट आहे. त्या दिवशी कोकणच्या किनाऱ्यापासून नागपूरपर्यंत जगभरची माणसं एकाच प्रश्नासाठी तळ ठोकून बसली होती: सूर्याभोवती जो वायू आहे तो कसला, आणि तो हलतो कसा?

आधी १८६८ चं निस्तरून टाकू. त्या ग्रहणाची सावली पश्चिम किनाऱ्यावरून दख्खन ओलांडत मछलीपट्टणकडे गेली. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल बसला होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. ऑगस्टचे ढग मधूनमधून आडवे येत होते. तरी काळ्या झालेल्या सूर्याच्या कडेला लाल ज्वाळा दिसल्या, आणि त्यांच्यावर वर्णपटदर्शक रोखताच सलग इंद्रधनुष्याऐवजी सुट्या, झगझगीत रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी, निळी. सुट्या रेषा म्हणजे विरळ, तापलेला वायू. सौरज्वाला हा डोळ्यांचा भास नाही, चंद्रावरचा डोंगर नाही, तो सूर्याचाच वायू आहे, हे त्या सकाळी कायमचं ठरलं.

जान्सेनला त्या रेषा इतक्या ठळक वाटल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या पाहून दाखवल्या. लॉकियरने हीच युक्ती स्वतंत्रपणे साधली ती २० ऑक्टोबरला, लंडनमध्ये. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीत वाचली गेली आणि फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं. नारिंगी-पिवळी रेषा सोडियमची नव्हे, तिची जागा थोडी वेगळी आहे, हा मुद्दा लॉकियरने लावून धरला. तिच्या मूलद्रव्याला सूर्यावरून हेलियम हे नाव पडलं. पृथ्वीवर ते रॅम्झीला १८९५ मध्ये एका खनिजात सापडलं. मधली सत्तावीस वर्षं बरेच रसायनशास्त्रज्ञ लॉकियरला हसत होते.

हेलियमच्या गाजावाजात लॉकियरचं दुसरं काम मागे पडलं. ग्रहणाविना ज्वाला पाहता येऊ लागल्यावर त्याच्या लक्षात आलं की हायड्रोजनची रेषा सरळ उभी राहत नाही; ती कुठे वाकते, कुठे फाटते. प्रकाश देणारा वायू आपल्याकडे येत असेल तर रेषा निळ्या बाजूला सरकते, लांब जात असेल तर तांबड्या. डॉप्लरने हे तत्त्व १८४२ मध्ये मांडलं होतं. म्हणजे वाकलेली रेषा म्हणजे धावणारा वायू, आणि किती वाकली त्यावरून किती वेगाने धावतो ते काढता येतं. सूर्यावर वादळं होतात असं लॉकियर लिहू लागला, तेही आकडे देऊन.

हा बदल किती मोठा होता ते समजायला इंदूरचा सांवेर रोड धरावा. कारखान्यांची वसाहत मागे टाकून हा रस्ता सांवेरवरून थेट उज्जैनला जातो, आणि तिथे क्षिप्रेच्या काठी सवाई जयसिंगाची वेधशाळा आहे. अठराव्या शतकातलं सम्राट यंत्र, नाडीवलय, भित्ती यंत्र. १९२३ मध्ये शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्विद तिचे अधीक्षक झाले. या दगडी यंत्रांना सूर्य कुठे आहे ते विचारा, क्षणभरात सांगतील. तो कशाचा आहे, त्याच्या कडेला काय वाहतंय, हे त्यांना विचारायचीच सोय नाही. हजारो वर्षं ज्योतिष म्हणजे ‘कुठे’ आणि ‘केव्हा’ एवढंच होतं. ‘काय’ आणि ‘किती वेगाने’ हे प्रश्न काचेच्या लोलकाने आणले.

पुण्यात या दोन्ही वाटा एकाच दशकात शेजारीशेजारी चाललेल्या दिसतात. कावसजी दादाभाई नायगामवाला हे पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणारे पारशी प्राध्यापक. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. नायगामवाला विलायतेला जाऊन लॉकियरकडे शिकून आले, यंत्रं घेऊन आले, आणि १८८८ मध्ये कॉलेजच्या आवारात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. १८९१ मध्ये त्यांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला. त्या मेघातली मुख्य रेषा मॅग्नेशियमची आहे आणि एका बाजूला विरत जाते, असा लॉकियरचा दावा होता. नायगामवालांना ती स्वच्छ, धारदार दिसली आणि त्यांनी तसं छापलं. गुरूचा सिद्धान्त पुण्यातून मोडला गेला. त्याच मृगशीर्षावर दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, टिळकांचं ‘ओरायन’ निघालं. टिळकांना हवं होतं वसंतसंपाताचं स्थान आणि त्यावरून वेदांचा काळ. नायगामवालांना हवा होता त्या तेजोमेघातला वायू. शहर एक, नक्षत्र एक, आणि प्रश्न इतके वेगळे की दोघांनी एकमेकांचं वाचलं असेल की नाही, असं वाटून जातं.

मग आलं १८९८. २२ जानेवारी, पौष अमावास्या, शनिवार. सावली अरबी समुद्रावरून विजयदुर्गाजवळ किनाऱ्याला लागणार, सोलापूर जिल्ह्यातून वऱ्हाडात, तिथून नागपूरच्या बाजूने शहडोल, बक्सर आणि हिमालयाकडे जाणार. जानेवारीत दख्खनचं आभाळ निरभ्र, शिवाय सावली जवळजवळ आगगाडीच्या रुळांना धरून जाणारी. शेकडो मण काच, पितळ आणि लाकूड घेऊन फिरणाऱ्यांना याहून काय हवं!

मुंबई इलाख्याला मात्र ग्रहणाची हौस करायला सवड नव्हती. १८९६ पासून प्लेग सुरू होता. नुकताच दुष्काळ होऊन गेला होता. पुण्यात प्लेग-अधिकारी रँडचा खून होऊन सात महिने झाले होते. त्यासाठी दामोदर चापेकर कोठडीत होते, एप्रिलमध्ये ते फासावर गेले. टिळक राजद्रोहाखाली तुरुंगात. स्टेशनांवर प्रवाशांची प्लेगची तपासणी चालू. भारतीय ज्योतिषाचा इतिहास मराठीत लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षितही याच वर्षी गेले. अशा दिवसांत परदेशी साहेब उतरत होते, माळरानावर तंबू ठोकत होते आणि ग्रहणाच्या दोन मिनिटांसाठी आठवडेच्या आठवडे राबत होते. गावकऱ्यांना ते काय वाटलं असेल, याची कुणी नोंद केली असती तर तिच्यासाठी मी साहेबांचे दोन-चार अहवाल सहज सोडले असते.

कोणत्या गावी कोण होतं ते थोडक्यात सांगतो. विजयदुर्गला सर नॉर्मन लॉकियर, त्याचा मुलगा आणि सहकारी आल्फ्रेड फाउलर. पुलगावला केंब्रिजचा न्यूअल आणि कॅप्टन हिल्स. नागपूरजवळ घोगलीला स्कॉटलंडचा राजज्योतिषी कोपलंड. शहडोलला इंग्लंडचा राजज्योतिषी क्रिस्टी. वऱ्हाडातल्या तळणीला ब्रिटिश हौशी मंडळींची तुकडी: वॉल्टर मॉन्डर, त्याची बायको अ‍ॅनी आणि जॉन एव्हर्शेड. आणि पुणे-सोलापूर लोहमार्गावर, करमाळा तालुक्यातल्या जेऊरला दोन महत्त्वाचे तळ: कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचा विल्यम कॅम्पबेल, आणि पुण्याहून आलेले नायगामवाला. भारतीयाच्या नेतृत्वाखालचं पथक हे एवढंच.

विजयदुर्गावर लॉकियरचा कारभार आरमारी शिस्तीचा होता. ‘मेल्पोमिनी’ ही युद्धनौका त्याच्या दिमतीला दिली होती आणि तिच्यावरच्या अधिकारी-खलाशांना त्याने निरीक्षक केलं होतं. शंभरावर माणसं. कुणी प्रभामंडळाचं चित्र काढायचं, कुणी दिसणारे तारे टिपायचे, कुणी सावलीचा रंग बघायचा. रोज तालीम होई. दुर्बिणींना पाया लागतो, म्हणून चौथरे. कट्टे साहेबाचे आहेत, फक्त त्यांची जन्मतारीख चुकली आहे.

इतका खटाटोप दोन मिनिटांसाठी का, हा प्रश्न साहजिक आहे. सांवेर रोडच्या एखाद्या फॅब्रिकेशन शेडमध्ये आर्गन वेल्डिंग चालतं तेव्हा टॉर्चच्या तोंडातून आर्गन वेल्डिंगच्या झगझगीत उजेडाभोवती सतत वाहत असतो, पण नजर ठरत नाही. काळी काच धरावी तर उजेडाचा ठिपका सोडून सगळंच काळं. सूर्याचं तसंच. त्याचा तेजस्वी पृष्ठभाग इतका प्रखर की त्यावरचा पातळ लालसर थर आणि त्याहून वरचं मोतिया प्रभामंडळ, म्हणजे करोना, त्यात बुडून जातं. उजेड तेवढा झाकायचा आणि भोवतीचं उघडं ठेवायचं, हे काम त्या काळी फक्त चंद्र करू शकत होता. लॉकियर-जान्सेनच्या युक्तीने ज्वाला दिसत. प्रभामंडळ दिसत नसे.

खग्रास सुरू होताना आणि संपताना एक-दोन सेकंद असे येतात की पृष्ठभाग नुकताच झाकला गेलेला असतो आणि वरच्या थराची नखाएवढी कोर उघडी असते. त्या क्षणी वर्णपटातल्या नेहमीच्या काळ्या रेषा एकदम उजळून उठतात. यालाच फ्लॅश स्पेक्ट्रम म्हणतात. लॉकियर आणि नायगामवाला यांच्याकडे भिंगापुढे लोलक बसवलेले कॅमेरे होते. वर्णपटलेखकाला लागते तशी फट त्यांना लागत नाही. सूर्याची कोर हीच फट. त्यामुळे काचेवर रेषांऐवजी कमानी उमटतात, प्रत्येक मूलद्रव्याची आपापल्या रंगाची. कॅल्शियमची कमान लांबलचक, म्हणजे त्याचा वायू उंच गेलेला. दुसऱ्या एखाद्या धातूची आखूड, म्हणजे तो खालीच रेंगाळलेला. एका फोटोत अख्ख्या थराचे मजले मोजता येतात.

जेऊरच्या माळावर कॅम्पबेलने चाळीस फुटी कॅमेरा उभारला. बारा मीटरहून लांब नळी, वर मनोऱ्यावर भिंग, खाली खड्ड्यात काचपट्टी. सूर्याची प्रतिमा पडे ती सुमारे अकरा सेंटिमीटर व्यासाची. नळी जागची हलत नाही. सूर्य सरकतो तशी काचपट्टी घड्याळाच्या यंत्रावर सरकत राहते. कॅम्पबेलची बायको एलिझाबेथ बरोबर होती, आणि आसपासचे इंग्रज अधिकारी आपल्या बायकांसह मदतीला आले होते. अशा तळावर एक जण मोठ्याने सेकंद मोजतो आणि बाकीचे त्या आवाजावर काचपट्ट्या बदलतात, झाकणं उघडतात, मिटतात. वर मान करून ग्रहण पाहायला बहुतेकांना वेळ मिळत नाही.

पण कॅम्पबेलचं मन होतं ते एका वर्णपटलेखकावर. १८६९ च्या अमेरिकेतल्या ग्रहणात प्रभामंडळात एक हिरवी रेषा सापडली होती. सुरुवातीला ती लोखंडाच्या एका ठाऊक असलेल्या रेषेशी जुळते असं वाटलं. मग ते लोखंड असणं पटेना; इतक्या वर, इतक्या विरळ जागी लोखंड कसलं? तेव्हा पृथ्वीवर नसलेल्या मूलद्रव्याची कल्पना निघाली आणि त्याला ‘करोनियम’ हे नावही मिळालं. हेलियमने एकदा सगळ्यांना खोटं पाडलं होतं, त्यामुळे करोनियमला नाही म्हणायला कुणी धजावत नव्हतं. कॅम्पबेलला या रेषेकडून आणखी एक गोष्ट हवी होती. सूर्य स्वतःभोवती फिरतो. विषुववृत्तावर सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर. मग भोवतीचं प्रभामंडळ त्याच्याबरोबर फिरतं की मागे राहतं? फिरत असेल तर एका कडेला हिरवी रेषा निळीकडे सरकेल, दुसऱ्या कडेला तांबडीकडे. दोन्ही कडांतला फरक सेकंदाला चार किलोमीटरचा, आणि रेषेच्या तरंगलांबीत तो उतरतो पाच हजार तीनशे तीन अँगस्ट्रॉमपैकी सात शतांशाएवढा. हे मोजायचं दोन मिनिटांच्या फिक्या उजेडात, माळरानावर, तात्पुरत्या मांडणीवर. फ्रान्सचा देलांद्र १८९३ मध्ये आफ्रिकेत हेच करून बसला होता. पुलगावला न्यूअलच्या यादीतही प्रभामंडळाचं फिरणं होतं.

दुपारी सावली आली. आभाळ स्वच्छ होतं. सुमारे दोन मिनिटांनी ती पुढे निघून गेली.

फिरण्याचं उत्तर ठाम मिळालं नाही. कॅम्पबेलच्या काचेवर दोन्ही कडांत थोडा फरक दिसला, पण त्यावर आकडा टेकवावा इतका भरवशाचा नव्हता, आणि त्याने तसं लपवलंही नाही. मोठा निकाल वेगळाच लागला. हिरव्या रेषेची जागाच चुकलेली होती! तीस वर्षं सगळे तिला ५३१७ अँगस्ट्रॉमवर मानत आले होते. विजयदुर्ग आणि जेऊरच्या फोटोंत ती ५३०३ च्या आसपास निघाली. म्हणजे मूळ लोखंडाच्या रेषेशी तिचा काही संबंध नव्हता. करोनियमचं पारडं आणखी जड झालं.

पुढचा पेच सुटायला चार दशकं लागली. १९३९ च्या सुमारास जर्मनीत ग्रोट्रियनने दिशा दाखवली आणि त्यापाठोपाठ स्वीडनच्या एडलेनला दिसलं की ५३०३ ची रेषा लोखंडाचीच आहे. मात्र तेरा इलेक्ट्रॉन हरवलेल्या लोखंडाची. इतके इलेक्ट्रॉन उडवायला दहा-वीस लाख अंश तापमान लागतं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, आणि त्याच्यावरचा वायू लाखांत! पहिल्यांदा लोखंड म्हटलं ते चुकीच्या कारणाने, मग लोखंड नाही म्हटलं ते बरोबर मोजमापाने, आणि शेवटी निघालं लोखंडच. विज्ञानाच्या इतिहासात यापेक्षा मजेदार फेरा मला तरी माहीत नाही.

इतका तापलेला वायू सूर्याला धरून ठेवता येणार नाही, तो सतत बाहेर वाहत असला पाहिजे, हे यूजीन पार्करने १९५८ मध्ये गणिताने दाखवलं. परीक्षकांनी तो लेख नापास केला होता; संपादक चंद्रशेखर यांनी तो छापला. चार वर्षांत मरिनर-२ यानाने हा सौरवारा मोजला: सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाचा, दर सेकंदाला सूर्यातून दहा लाख टनांहून अधिक वायू घेऊन जाणारा. तळणीला अ‍ॅनी मॉन्डरने एका छोट्या कॅमेऱ्याने प्रभामंडळाचा एक लांब शेंडा टिपला होता, तोवर कुणाच्या फोटोत आला नव्हता इतका लांब. पुढे वॉल्टर मॉन्डरने पृथ्वीवरच्या चुंबकी वादळांचा संबंध सूर्यातून निघणाऱ्या अरुंद झोतांशी जोडला. तळणीचा तो शेंडा म्हणजे सौरवाऱ्याची वाट होती, पण तेव्हा तसं म्हणायची भाषाच तयार नव्हती.

तळणीचा तिसरा माणूस एव्हर्शेड. व्यवसायाने ज्योतिषी नव्हे, पण वर्णपटाचं वेड. १९०७ मध्ये तो कोडाईकॅनालच्या वेधशाळेत नोकरीला आला, आणि जानेवारी १९०९ मध्ये त्याला सौरडागांच्या कडेने वायू आतून बाहेर, पृष्ठभागाला समांतर वाहताना सापडला. वेग सेकंदाला एक-दोन किलोमीटर. सरकलेल्या रेषांवरूनच काढलेला. आजही त्याला एव्हर्शेड परिणाम म्हणतात.

आता जेऊर आणि पुलगावच्या दोन साहेबांकडे परत येतो, कारण त्यांची पुढची गोष्ट ग्रहणाच्या इतिहासात सहसा येत नाही. कॅम्पबेल लिकला गेला, न्यूअल केंब्रिजला. तिथे त्याच्या वडिलांची पंचवीस इंची दुर्बीण होती. तार उद्योगातल्या पैशातून बापाने बांधवून घेतलेली आणि विद्यापीठाला दिलेली. दोघेही आपापल्या जागी ताऱ्यांच्या रेषा मोजत होते. १८९९ मध्ये, एकमेकांना न विचारता, दोघांनाही एकाच ताऱ्यात तीच गंमत दिसली. सारथी नक्षत्रातला ब्रह्महृदय. थंडीच्या रात्री आपल्या डोक्यावर येणारा, पिवळसर, आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांपैकी एक. त्याच्या रेषा दुहेरी होत्या. एक जोडी इकडे सरकायची तेव्हा दुसरी तिकडे, १०४ दिवसांनी पुन्हा जागेवर. तारा एक नव्हताच. दोन होते, एकमेकांभोवती फिरणारे. दुर्बिणीतून ते सुटे दिसत नाहीत, वर्णपटाने फोडले. महाराष्ट्राच्या माळावर सूर्याच्या कडेची हालचाल ज्या रीतीने मोजायला ही माणसं आली, त्याच रीतीने.

ब्रह्महृदयाचे दोन्ही तारे फुगलेले, प्रत्येकी सूर्याच्या अडीचपट वस्तुमानाचे. पण त्यांच्यात अंतर पुरेसं आहे, म्हणून प्रत्येकाचा वायू ज्याचा त्याच्याकडे राहतो. १९७४ मध्ये एका रॉकेटवरच्या उपकरणाला ब्रह्महृदयाकडून क्ष-किरण आले. तापलेल्या प्रभामंडळाचे. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याचं प्रभामंडळ असं पहिल्यांदा सापडलं, आणि तेही याच जोडीत.

सगळ्या जोड्या इतक्या सोशिक नसतात. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात तेव्हा त्यांच्यामधल्या रेषेवर एक बिंदू असतो जिथे दोघांची ओढ आणि फिरण्याचा जोर यांचा हिशेब शून्यावर येतो. त्याला लाग्रांज बिंदू म्हणतात. एकटा तारा फुगला तर त्याचा वायू सर्व बाजूंनी सुटतो. जोडीतला तारा फुगून या बिंदूपर्यंत पोचला की वायूला एकच दार मिळतं आणि तो तिथून दुसऱ्याच्या हद्दीत सांडतो. सरळ जाऊन आदळत नाही, कारण ते दारच फिरतं आहे. वायू वळसा घेतो आणि बहुतेकदा दुसऱ्याभोवती कडं करून राहतो. ययाती नक्षत्रातल्या अल्गोलने हे कोडं फार वर्षं घातलं होतं. तिथे हलका तारा म्हातारा आणि जड तारा तरुण, वास्तविक जड तारे लवकर म्हातारे होतात. उत्तर १९५५ मध्ये मिळालं: म्हातारा एकेकाळी जड होता, त्याने आपला वायू दुसऱ्याला देऊन टाकला. हे कडं दिसलं कसं? ग्रहणाने. १९४२ मध्ये माउंट विल्सनच्या जॉयने वृषभातल्या आरडब्ल्यू या जोडीत एक तारा दुसऱ्यामागे जाताना पाहिला. तेजस्वी तारा झाकला गेल्यावर त्याच्या भोवतीच्या वायूच्या रेषा उजळ दिसल्या. आधी एका बाजूच्या झाकल्या, मग दुसऱ्या बाजूच्या. एक बाजू आपल्याकडे येणारी, दुसरी लांब जाणारी. जेऊरच्या चंद्राचं काम तिथे एक ताराच करत होता.

दुसरा तारा न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर असेल तर हे वायूचं कडं इतकं तापतं की क्ष-किरण फेकतं. ते पाहायला २०१५ मध्ये भारताचा ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रह गेला. त्यावरची क्ष-किरणांची बरीचशी यंत्रं मुंबईच्या टीआयएफआरमध्ये घडली, काही कामात पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेचा हात होता.

नायगामवालांचं काय झालं? जेऊरचा त्यांचा अहवाल १९०२ मध्ये वेधशाळेच्या ग्रंथमालेचा पहिला खंड म्हणून निघाला. ते वेधशाळेचे पूर्णवेळ संचालक होते, १९१२ मध्ये निवृत्त झाले, आणि त्यांच्यामागे चालवायला माणूस न ठेवता सरकारने वेधशाळाच बंद केली. यंत्रं कोडाईकॅनालला गेली. वीस इंची दुर्बीण तिथे ‘भावनगर दुर्बीण’ म्हणून ओळखली गेली; देणगीदाराचं नाव राहिलं, वापरणाऱ्याचं गेलं. पुण्यातल्या सरकारी कॉलेजात एका माणसाच्या हौशीवर उभी राहिलेली संस्था त्या माणसाबरोबर संपली, आणि आयुका यायला मग पाऊण शतक जावं लागलं.

कॅम्पबेल आणि न्यूअल यांचा प्रश्न आता भारतीय यंत्राकडे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेलं ‘आदित्य-एल१’ ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या लाग्रांज बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचलं. अल्गोलमध्ये वायू ज्या बिंदूवरून ओलांडतो, त्याच जातीचा हा बिंदू. यानावरची सूर्याची अतिनील चित्रं काढणारी दुर्बीण आयुकाच्या नेतृत्वाखाली झाली. बेंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेचा करोनाग्राफ चंद्राची वाट न पाहता सूर्याचा पृष्ठभाग स्वतः झाकतो आणि प्रभामंडळाच्या तीन रेषांवर वर्णपटलेखक रोखतो. त्यातली एक ५३०३ अँगस्ट्रॉमची आहे.